थम! कौन आता है? : कॅज्युअल्टीच्या दारावरचा पहारा



हावडा स्टेशनवर गर्दीत कुणाचा धक्का लागला की मी नकळत उजवा दंड चाचपून बघतो. घरचे हसतात. पण ही सवय कुठून लागली ते सांगायचं तर आधी नव्वद वर्षं मागं जावं लागेल, आणि मग माझ्या तीन पोस्टिंगांमधून फिरून यावं लागेल. मी आर्मी मेडिकल कोअरचा माणूस, नर्सिंग असिस्टंट. आयुष्य एमआय रूम आणि कॅज्युअल्टीच्या दारात गेलं. त्यामुळे आजची गोष्टही दाराचीच आहे.

कलकत्त्याला माझं पोस्टिंग होतं तेव्हा आमच्याबरोबर एक बंगाली फार्मासिस्ट होते. वयानं मोठे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी सुट्टीवर निघालो की आझाद हिंद एक्सप्रेस धरायला हावड्याला जायचो. एकदा ट्रंक उचलताना दादा म्हणाले, "हावड्याला जपून. तिथं एका माणसाला गर्दीत प्लेगची सुई टोचली होती." मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. पुढं मी जमेल तिथून वाचत गेलो.

हावडा, २६ नोव्हेंबर १९३३

पाकुड हे आजच्या झारखंडमधलं गाव. तिथल्या जमीनदार घराण्यातले दोन सावत्र भाऊ. थोरला बिनयेंद्र, धाकटा अमरेंद्र. बाप वारल्यावर इस्टेटीवरून दोघांत वितुष्ट आलं. धाकटा जेमतेम विशीचा. आदल्या वर्षी देवघरला थोरल्यानं त्याच्या नाकावर एक चष्मा दाबून बसवला होता. बिनकाड्यांचा, चिमट्यासारखा नाकाला धरणारा चष्मा. नाकावर खरचटलं आणि थोड्या दिवसांत पोराला धनुर्वात झाला. त्यातून तो वाचला.

मग तो दिवस आला. अमरेंद्र आपल्या नातलगांबरोबर पाकुडला जायला हावडा स्टेशनवर आला होता. थोरला भाऊ निरोप द्यायला हजर. गर्दीत खादी घातलेला एक माणूस अमरेंद्रला घासून गेला आणि त्याच्या उजव्या दंडात काहीतरी टोचलं. काही नातलग म्हणाले, जाऊ नकोस, थांब, रक्त तपासून घे. थोरल्यानं ते हसण्यावारी नेलं. गाडी सुटली.

पाकुडला गेल्यावर ताप चढला. त्याला परत कलकत्त्याला आणलं. ४ डिसेंबरला तो गेला. टोचल्यापासून आठ दिवस.

मृत्यूच्या दाखल्यावर प्लेगचं नाव नव्हतं. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तो आजारी असताना बघायला आलेल्या एका डॉक्टरांना काहीतरी खटकलं होतं आणि त्यांनी रक्त कल्चरला पाठवायला सांगितलं होतं. पोराचा अंत्यविधी झाल्यावर त्या कल्चरमध्ये प्लेगचे जंतू वाढलेले दिसले. तेव्हा कलकत्त्यात प्लेग नव्हता. मग हा कुठून आला?

तो आला होता मुंबईहून. तारानाथ भट्टाचार्य नावाचा एक जंतुशास्त्राचा डॉक्टर थोरल्याच्या कटात सामील होता. त्यानं आधी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे प्लेगचे जंतू मागितले. परवानगीशिवाय मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. मग १९३३ च्या जुलैमध्ये त्यानं प्लेगवरचं औषध तपासायचं आहे अशी बतावणी करून आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात काम करण्याची मुभा मिळवली. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. तिथं काही दिवस काम करून तो घाईनं कलकत्त्याला परतला.

पोलिसांनी तारा, नोंदी, साक्षी गोळा करून मुंबई ते हावडा साखळी जोडली. १९३५ मध्ये अलीपूरच्या सत्र न्यायालयानं बिनयेंद्र आणि तारानाथला फाशी सुनावली. पुढच्या वर्षी हायकोर्टानं ती जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची केली. सुई टोचणारा तो खादीवाला मात्र कधीच सापडला नाही.

आमचं कमांड हॉस्पिटल अलीपूरलाच. रात्रपाळी संपवून बाहेर पडलो की मला हा खटला आठवायचा. आठवायचे ते खुनी नव्हे, ते डॉक्टर. एवढ्या माणसांत त्यांनी एकट्यानं विचारलं की हा ताप नेमका कसला. पोराला त्याचा उपयोग झाला नाही, हे खरं. पण तो प्रश्न विचारला नसता तर आज हा खून म्हणून कुणाला माहीतच नसता.

गोळी आणि जंतू यांत हाच फरक आहे. गोळी लागली की जागेवर कळतं, कुठल्या दिशेनं आली तेही कळतं. जंतू टोचला, हुंगवला किंवा खायला घातला तर दिवस जातात. हल्ला करणारा तोवर दुसऱ्या गावात पोचलेला असतो. मार खाल्लेला माणूस स्टेशनवर पडत नाही. तो चार दिवसांनी कॅज्युअल्टीच्या बाकावर येऊन बसतो आणि म्हणतो, "ताप आहे, अंग मोडून आलंय." म्हणजे जैविक हल्ल्याची पहिली चौकी सरहद्दीवर नसते, ती त्या बाकासमोर असते.

सिलिगुडी, २००१

हे शहाणपण मला कलकत्त्याला सुचलं. त्याआधी सिलिगुडीजवळच्या छावणीत मी काय केलं होतं, ते आता सांगतो. अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

लखनौचं ट्रेनिंग संपवून पहिलं पोस्टिंग तिथलं. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडी शहरात एक विचित्र ताप आला. ताप, डोकेदुखी, मग शुद्ध हरपायची. कसला ताप ते कुणालाच कळेना. लोक शहर सोडून जायला लागले. आम्हाला शहर बंद झालं. जवान विचारायचे, "मेडिकलवाले, काय आहे रे हे?" आम्ही काय सांगणार?

एकूण ६६ रुग्ण, त्यातले ४५ गेले. आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक जण रुग्णालयाशी जोडलेले होते. तिथले कर्मचारी, नाहीतर रुग्णाजवळ बसलेले, भेटायला गेलेले नातलग. म्हणजे ताप गल्लीत कमी आणि वॉर्डात जास्त पसरला. औषधासाठी जिथं जायचं तिथूनच माणसं आजार घेऊन घरी गेली. तो निपाह विषाणू होता हे साठवलेल्या नमुन्यांवरून पुढं सिद्ध झालं आणि २००६ मध्ये छापून आलं. पाच वर्षं त्या तापाला नाव नव्हतं.

हा हल्ला नव्हता, निसर्गाचीच साथ होती. पण दारात बसलेल्या नर्सला त्यानं काय फरक पडतो? कुणी मुद्दाम सोडलेला जंतू असो की वटवाघळाकडून आलेला, तिच्यासमोर येतो तो तापानं फणफणलेला माणूसच. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण संस्थेनं जैविक हल्ल्यासाठी वापरले जाऊ शकतील अशा जंतूंची यादी केली, त्यात निपाहचंही नाव आहे.

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटं निघाली. २२ जणांना लागण, ५ मृत्यू. जगभर पांढऱ्या पावडरीची भीती बसली. आपल्याकडेही संशयास्पद पाकिटांचं पेव फुटलं. आमच्या युनिटमध्ये रोल कॉलला सूचना झाली : अनोळखी पाकीट उघडू नका, हलवू नका, वास घेऊ नका, कळवा. सूचना मी स्वतः पाठ केली होती.

दिवाळीच्या आधीचे दिवस. ९९ एपीओची डाक आली. एका पाकिटाचा कोपरा फाटला होता आणि त्यातून राखाडी-पांढरी भुकटी सांडत होती. डाक आणणाऱ्या जवानानं ते घाबरून ताटलीत घातलं आणि सरळ एमआय रूममध्ये आणून माझ्यासमोर ठेवलं. मी एकटाच होतो. पाकिटावर देवनागरी अक्षरं, आपल्याकडचा शिक्का. मी दोन बोटांनी भुकटी घेतली आणि वास घेतला. अंगारा. आमच्याच बाजूच्या एका जवानाच्या आईनं गावच्या देवीचा अंगारा पाठवला होता, पोराच्या कपाळाला लावायला.

मी हसत हसत सुभेदार साहेबांना सांगायला गेलो. साहेब उत्तराखंडचे, कमी बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, "सूंघा तूने?"

"जी साहब."

त्यांनी मला हात धुवायला लावले, मागच्या खोलीत एकटं बसवलं, खोली बंद केली आणि डॉक्टर साहेबांना फोन केला. दोन तास मी तिथं बसून होतो. पाकीट दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत बांधून वर पाठवलं गेलं. त्या जवानाला बोलावलं. त्यानं आईचं अक्षर ओळखलं, तरी पाकीट त्याला दिलं नाही. तो पुनःपुन्हा विचारत होता, "साहब, वापस मिलेगा ना?" ते परत मिळालं नाही. त्यानं आईला पत्रात लिहिलं की अंगारा मिळाला, लावला.

संध्याकाळी सुभेदार साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आज अंगारा था, इसलिए तू बच गया. पर संत्री तो फेल हो गया."

त्या वाक्यानं मला शिक्षेपेक्षा जास्त लागलं. संत्री ड्यूटीवर माणूस ओळखीचा दिसला तरी "थम! कौन आता है?" म्हणायचं असतं. ओळखीचा दिसतो म्हणून सोडला, तर पहारा कसला? मी अक्षर ओळखीचं दिसलं म्हणून सोडला होता.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. त्या नोव्हेंबरात आम्ही सगळे पाकिटांवर डोळा ठेवून होतो. पण आठ-नऊ महिन्यांपूर्वी आमच्याच शेजारच्या शहरात रुग्णालयातूनच माणसं आजार घेऊन बाहेर पडली होती, त्यावरून आम्ही काय शिकलो? आमच्या एमआय रूममध्ये सकाळी सिक रिपोर्टला तापाचे जवान आणि पाय मुरगळलेले जवान एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसत होते. ती पद्धत तशीच चालू होती. पाकिटाची भीती होती, बाकाची नव्हती.

अमेरिकेतही धडा पाकिटापेक्षा दाराचाच निघाला. फ्लोरिडात पहिला रुग्ण २ ऑक्टोबरला इमर्जन्सीत आला, तेव्हा त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासताना दिसलेले जंतू एका डॉक्टरांना खटकले आणि त्यांनी अँथ्रॅक्सचा संशय बोलून दाखवला. त्या रुग्णाचा जीव वाचला नाही, पण त्यामुळे देश जागा झाला. त्याच महिन्यात वॉशिंग्टनचा एक टपाल कर्मचारी इमर्जन्सीत गेला. त्याला पोटाचा साधा आजार समजून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि गेला. ती विषारी पाकिटं ज्या टपाल केंद्रातून गेली तिथंच तो कामाला होता. "काम कुठं करता?" हा प्रश्न किती मोलाचा असतो, ते या एका माणसावरून कळतं.

कोळिकोड, २०१८

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी केरळात, कन्नूरला होतो. कोळिकोड तिथून गाडीनं दोन-अडीच तासांवर. मे २०१८ मध्ये तिथं पुन्हा तोच निपाह आला. सतरा वर्षांपूर्वी ज्याला नाव नव्हतं, तोच.

पेरांब्रा भागातला एक तरुण महिन्याच्या सुरुवातीला तापानं गेला. तेव्हा कुणाला संशय आला नाही. १७ मेला त्याचा भाऊ तशीच लक्षणं घेऊन एका रुग्णालयात आला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला झालंय का? एकाच घरात दुसरा माणूस, तशाच खुणा. त्यांनी लगेच नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेला पाठवले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं शिक्कामोर्तब केलं. २० मेपर्यंत नाव कळलं होतं. सिलिगुडीला लागली पाच वर्षं, इथं तीन दिवस.

तरीही किंमत मोजावी लागलीच. पहिल्या तरुणाची पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात शुश्रूषा करणारी नर्स लिनी पुथुशेरी २१ मेला गेली. पदरी दोन लहान मुलं, नवरा आखातात नोकरीला. शेवटच्या दिवसांत तिनं नवऱ्याला लिहिलेली चिठ्ठी सगळ्या देशानं वाचली. ज्या रात्री ती त्या रुग्णाजवळ होती, त्या रात्री तो कसला ताप आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आमच्याच कामाची होती, म्हणून मला ती बातमी पुरी वाचवली नाही. मला तो अंगारा आठवला. माझ्या बोटांना लागलेली भुकटी देवीची होती. तिच्या वाट्याला तसं नशीब आलं नाही.

प्रयोगशाळेनं खात्री केलेल्या १८ रुग्णांपैकी दोघंच वाचले. या खेपेलाही बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली होती. पण नाव कळल्यावर संपर्कातल्या माणसांच्या याद्या झाल्या, त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, वेगळे वॉर्ड उघडले, आणि साथ काही आठवड्यांत थांबली.

मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची, छोटी बातमी. जून २०१९ मध्ये एर्नाकुलमला एका विद्यार्थ्याला निपाह झाला. या वेळी संशय वेळेत आला, पोरगा वेगळा ठेवला, तीनशेहून जास्त संपर्कांवर नजर ठेवली. पोरगा वाचला. त्याच्याकडून दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. काहीच घडलं नाही, म्हणून पेपरात जागाही कमी मिळाली. पण फौजेतल्या माणसाला विचारा, ज्या रात्री काहीच घडत नाही ती रात्र कुणीतरी जागून काढलेली असते.

तयारी म्हणजे काय?

तयारी म्हटलं की लोकांना पांढरे सूट आणि मोठमोठ्या गाड्या दिसतात. त्याही लागतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००८ मध्ये जैविक आपत्तीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वरपासून खालपर्यंतची व्यवस्था सांगितली आहे. पण सूट पोचेपर्यंत दारावर जो उभा असतो, त्याच्या हातात काय असतं? माझ्या अनुभवानं चार गोष्टी.

पहिली, प्रश्न. कुठून आलात, काम काय करता, घरात किंवा बराकीत आणखी कुणाला झालंय का, काही वेगळं घडलं का? हावड्याचा धक्का, टपालाची नोकरी, पेरांब्राचा भाऊ, तिन्ही ठिकाणी रोगाचा माग या साध्या प्रश्नांतच होता.

दुसरी, अंतर. ताप-खोकल्याच्या माणसाला मास्क, वेगळा बाक, उघडी खिडकी. रोगाचं नाव कळायच्या आधी. नाव कळल्यावर मास्क लावणं म्हणजे चकमक संपल्यावर हेल्मेट घालणं.

तिसरी, नमुना आणि वर्दी. रक्त वेळेत पाठवायचं, आणि फोन कुणाला करायचा तो नंबर भिंतीवर लिहिलेला हवा. रात्री दोन वाजता नंबर शोधत बसायचं नाही.

चौथी, नोंद. त्या खोलीत कोण आलं, कोण गेलं. मुंबईच्या नोंदींमुळे १९३३ चा खुनी सापडला, कोळिकोडच्या याद्यांमुळे साथ थांबली. रजिस्टर भरणाऱ्या बाबूला आपण हसतो, पण ते रजिस्टरही शस्त्र आहे.

आणि हे सगळं महिन्यातून एकदा तरी खरोखर करून बघायचं. सूचना पाठ असून भागत नाही. मला पाठ होती.

आता मी गावी असतो. मागच्या पावसाळ्यात तापानं आजारी होतो, म्हणून तालुक्याला दवाखान्यात गेलो. दारात एक पोरगी नर्स होती, माझ्या मुलीच्या वयाची. बाहेर पन्नास माणसं. तिनं विचारलं, "काका, बाहेरगावी कुठं गेला होता का?" माझ्या मागचा गृहस्थ वैतागून म्हणाला, "अहो बाई, गोळी द्या ना, चौकशा कशाला?" मी तिला सगळं नीट सांगितलं. कुठं गेलो होतो, कुणाकडं राहिलो, घरात कुणाला काय झालंय. तिनं मास्क दिला आणि खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. साधाच ताप निघाला.

माजी सैनिक मित्रांनो, आपण आता दाराच्या दुसऱ्या बाजूला आहोत. ईसीएचएसमध्ये जा, सरकारी दवाखान्यात जा, दारावरचं पोरगं प्रश्न विचारेल तेव्हा रागावू नका. आपण रात्रीच्या पहाऱ्यावर "थम" म्हटल्यावर समोरचा थांबायचा आणि खरं उत्तर द्यायचा, म्हणून तर पहारा चालायचा. तेवढं त्याला द्या.

आणि तो मास्क लावायला विसरला असेल, तर आधी त्याला लावायला सांगा.

जय हिंद.